रजोनिवृत्तीची रेषा स्पष्ट व्हावी
लठ्ठपणा, आतड्यांतील जिवाणू आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध एका लेखात मांडला आहे, परंतु हा धोका सर्व वयाच्या स्त्रियांना सारखाच असल्याचा समज त्यातून होतो, तो दूर व्हायला हवा. रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे मासिक पाळी कायमची थांबल्यावर, बीजकोशांतील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची निर्मिती जवळजवळ थांबते आणि चरबीच्या पेशींमधील अ‍ॅरोमाटेज हे विकर (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांपासून जे इस्ट्रोजेन तयार करते, तेच त्याचा मुख्य स्रोत ठरते. त्यामुळे चरबी जितकी अधिक, तितके रक्तातील इस्ट्रोजेनही अधिक, आणि हेच संप्रेरक अनेक स्तनकर्करोगांच्या वाढीला चालना देते. रजोनिवृत्तीपूर्वी मात्र वाढलेल्या वजनाचा संबंध काहीशा कमी धोक्याशी आढळतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही 2016 मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्याच स्तनकर्करोगाचा लठ्ठपणाशी निगडित 13 कर्करोगांत समावेश केला.

जिवाणूंचे काम याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होते. यकृत इस्ट्रोजेनला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन पित्तावाटे आतड्यात सोडते, म्हणजे ते शरीराबाहेर जावे. पण काही जिवाणूंचे बीटा-ग्लुक्युरॉनिडेज हे विकर ती जोड तोडते आणि मोकळे झालेले इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषले जाते. अशा जिवाणू-जनुकांच्या समूहाला इस्ट्रोबोलोम म्हणतात. ही साखळी मला अतिशय महत्त्वाची वाटते, तरीही जिवाणूंतील बदल हे कर्करोगाचे कारण की लठ्ठपणाचा परिणाम, हे मानवी अभ्यासांतून अजून सिद्ध झालेले नाही. म्हणूनच 'प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणू असलेली उत्पादने) घेतल्याने कर्करोग टळतो' असा अर्थ कोणीही, विशेषतः उपचार सुरू असलेल्या भगिनींनी, कृपया काढू नये.