"आवाज आला की पैसे द्या" म्हणे!

एक मेसेज इंदूरभर फिरतोय, मला तर एकाच दिवसात तिघांनी पाठवला. की सत्तरच्या दशकातला जपानी अँप (गाणी वाजवायचा अँप्लिफायर) डोळे झाकून घ्या, जितका जड तितका भारी, वॅट जास्त बघा, लावून बघा, आवाज आला की पैसे द्या, बिघडला तर पार्ट कुठेही मिळतात.

"आवाज आला की पैसे द्या" हे सगळ्यात घातक. अहो, मरायला टेकलेल्या अँपमधूनही आवाज येतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे डबे) ४०-५० वर्षांत सुकतात आणि ते पाच मिनिटं गाणं ऐकून कळत नाही. रामबागेतल्या आमच्या मामांनी असाच एक उचलला, दुकानात काय गोड वाजला, घरी तासाभरात डावा चॅनल बंद आणि स्पीकरमधलं वूफर (बास वाजवणारा मोठा भाग) जळालं ते वेगळंच, कारण स्पीकरला पॉवर देणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, सगळं डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) थेट वूफरच्या कॉइलमध्ये गेलं आणि ते अडवणारा रिले (आपोआप तुटणारा स्विच) कोणीतरी आधीच बायपास करून ठेवलेला. म्हणून मल्टिमीटर सोबत न्या. ट्रान्झिस्टरवाला अँप असेल तर स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढचं बोला, व्होल्टमध्ये दिसलं तर चहा पिऊन घरी या.

"लावून बघा" पण कशाला लावून? जपानच्या घरगुती बाजारातले अँप १०० व्होल्टचे, आपल्याकडे २३०. सरळ घुसवला की संपला. काही एक्सपोर्ट मॉडेल्सना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, नाहीतर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरूनच भाव करा.

वॅटचं म्हणाल तर ६० चे १२० केले तरी फरक फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला थोडासाच मोठा. त्यात १९७४ मध्ये अमेरिकेत वॅट कसे मोजून छापायचे याचा नियम येईपर्यंत कंपन्या "म्युझिक पॉवर", "पीक" असले फुगवलेले आकडे बिनधास्त छापायच्या.

वजन? ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं). चांगली खूण आहे, नाही म्हणत नाही, पण किलोवर घ्यायला हे काय सियागंज बाजारातलं जिरं आहे का!

आणि पार्ट मिळतात म्हणे. जुन्या नंबरचे बहुतेक ट्रान्झिस्टर बनायचे कधीच बंद झालेत, एसटीके आयसी (काही अँपमध्ये सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी असणारी तयार चिप) तर नकलीच जास्त. मामांच्या अँपला दोनदा "ओरिजिनल" ट्रान्झिस्टर बसवले, दोन्ही वेळा उडाले, आता मेकॅनिक दुसऱ्या नंबरचा बसतोय का ते बघतोय आणि मामी त्या अँपवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात.