"हे तर आपलंच आहे!"

सकाळी फॅमिली ग्रुपवर व्हिएतनामचे फोटो टाकले. खाली एका ज्येष्ठांचा निकाल: "देवळं आपली, पाव फ्रेंचांचा, चॉपस्टिक चिन्यांच्या. त्यांचं स्वतःचं काय?" त्यावर भराभर अंगठे. माझा चहा तसाच गार झाला.

काय म्हणजे? हजारेक वर्षं चीनच्या अमलाखाली काढून ९३८ साली ते मोकळे झाले. १८५८ मध्ये दा नांगला उतरलेल्या फ्रेंचांना १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत धूळ चारली. पुढे अमेरिका. फ्रेंचांच्या पावात व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर-मुळा, कोथिंबीर, मिरची भरली की बान्ह मी. ते त्यांचंच! बटाटा, मिरची, पाव पोर्तुगीजांकडून घेऊन आपण वडापाव केला, तेव्हा कुणी आपल्याला हिशेब मागितला होता?

'मी सोन' नावाच्या जुन्या देवळांच्या ठिकाणी आमच्यातले एक काका शिवलिंगाशेजारी उभे राहून गाइडला म्हणाले, "हे सगळं आमचं." तो हसून म्हणाला, "मग पावसाळ्यात गवत काढायला या." काकांची सेल्फी स्टिक खाली आली. मग त्याने बाजूचा बॉम्बचा खड्डा दाखवला. १९६९ च्या अमेरिकन हल्ल्यात तिथलं सगळ्यात देखणं देऊळ ढिगारा होऊन पडलं.

हो, देवळं शंकराचीच आहेत. हात माझेही जोडले गेले. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे मन लावून काम केलंय, २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं, तेही मान्य. पण विटेवर वीट रचली ती तिथल्याच चाम लोकांनी (तेव्हा त्यांचं वेगळं राज्य होतं), आणि ते काही संपलेले नाहीत. फान रांगजवळ पो क्लोंग गराईच्या देवळात काते सणाला ते आजही देवाला अंघोळ घालतात, वस्त्रं नेसवतात. त्यांची राजधानी विजया १४७१ मध्ये जिंकली ती व्हिएतनामींनीच. म्हणजे हक्क सांगायचाच तर त्या गाइडच्याही आधी चाम, आणि आपण? रांगेत पार मागे. गवत काढायची तयारी असेल तर.

काकांवर राग नाही खरं तर. परमुलखात ओळखीचा देव दिसला की ऊर भरून येतो माणसाचा. चीड येते ती त्या "स्वतःचं काय"ची.

ग्रुपवर यातलं अक्षरही लिहिलं नाही. सासरचा ग्रुप आहे. ती मंडळी फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे.