मामा गादीवर आहे तोवर

कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा बडा धर्माधिकारी, व्हायचं तर आधी मामा बघावा. ईश्वरी हाक, धर्मशास्त्राचा अभ्यास, उपासतापास हे मागाहून जमतं, आणि नाही जमलं तरी कुणी विचारत नाही. मामा मात्र वेळेवर लागतो. तो आईचा सख्खा भाऊ असावा, आधीच कार्डिनल असावा, कुणाच्या डोळ्यांत फारसा न आलेला असावा. पोपच्या निवडणुकीत दोन बडे गट एकमेकांना भिडले की "मग हाच बसवू" म्हणण्याइतका निरुपद्रवी दिसावा. दिसावा म्हटलं, असावा असं नाही.

काका असला तरी भागतं. इटालियनमध्ये भाचा, पुतण्या आणि नातू या तिघांना 'नेपोते' हा एकच शब्द आहे. पोपच्या दरबारात या माणसाला 'कार्डिनाले नेपोते' म्हणत, आणि नेपोटिझम हा शब्द जगाला तिथूनच मिळाला. आपल्याकडे मामा-भाचे आणि काका-पुतणे ही वेगवेगळी खाती असल्यामुळे इतका सुटसुटीत शब्द साधला नाही, घराणेशाहीवर भागवावं लागतं.

या विद्येचा धडा गिरवायचा तर समोर शिपिओने बोर्गेझेच ठेवा. जन्म १५७७चा, आडनाव काफारेल्ली, वडील कर्जात. कायद्याच्या शिक्षणासाठी मामाने स्वखर्चाने पेरुजाला पाठवला. (पेरुजा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) १६ मे १६०५ला मामा कामिल्लो बोर्गेझे पाचवा पॉल या नावाने पोप झाला आणि १८ जुलैला सत्तावीस वर्षांच्या भाच्याच्या डोक्यावर कार्डिनलची लाल टोपी आली. दोन महिने दोन दिवस. तेवढ्यात आपल्याकडे रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त होत नाही. शिपिओनेने तर टोपीबरोबर आडनावही बदललं. तुम्हीही बापाचं आडनाव खुंटीला टांगा, मामाचं लावा आणि त्याचा गरुड आणि ड्रॅगन बांधाल त्या प्रत्येक दारावर कोरून घ्या. मामा स्वतः कसा वागतो तेही बघून ठेवा. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या दर्शनी भागावर १६१२चा लेख आहे. संत पीटरच्या सन्मानार्थ म्हणून सुरू होतो, आणि बरोबर मधोमध, मुख्य दाराच्या वर, अक्षरं येतात ती 'बोर्गेझे' या नावाची.

ज्यांना मामाच नाही त्यांनी निराश होऊ नये. १५५०मध्ये तिसऱ्या ज्यूलियसने इन्नोचेन्सो नावाच्या एका पोराला कार्डिनल केलं. मुलगा रस्त्यावरचा. आधी पोपच्या भावाने त्याला दत्तक घेतलं, म्हणजे कागदोपत्री पुतण्या तयार झाला. त्याच्याकडे माकड सांभाळण्याचं काम असे, म्हणून रोममध्ये त्याला माकड-कार्डिनल म्हणत. तेव्हा मामा नसेल तर निदान माकड पाळा.

नियमांचा बाऊ करू नका. १५८६मध्ये पाचव्या सिक्स्टस पोपने कार्डिनलांची संख्या सत्तरवर बांधली: सहा बिशप, पन्नास पाद्री, चौदा डीकन. शिवाय हयात कार्डिनलच्या जवळच्या नातलगाला टोपी द्यायची नाही असंही बजावलं. आदल्याच वर्षी त्याने स्वतःच्या बहिणीच्या चौदा वर्षांच्या नातवाला कार्डिनल करून घेतलं होतं. नियम नेहमी आपलं काम उरकल्यावर करावा.

आता पैसा. पगारावर जगतो तो कारकून. तुम्हाला हवी 'कोमेंदा'. म्हणजे मठ तुमच्या नावावर, मठाचं उत्पन्न तुमच्या घरी आणि मठातली पहाटेची प्रार्थना तिथल्या साधूंच्या वाट्याला. तुम्ही तिथे राहायची गरज नाही, मठाचा रस्ता ठाऊक असण्याचीही नाही. असे मठ जितके जमतील तितके घ्या, वर बिशपांच्या उत्पन्नावर लावलेल्या पेन्शनी. त्याखेरीज पदं असतात. शिपिओने व्हॅटिकनचा ग्रंथपाल होता, पापक्षालनाच्या न्यायालयाचा प्रमुख तर १६१०पासून मरेपर्यंत होता. १६१०मध्ये त्याला बोलोन्याचं आर्चबिशपपदही मिळालं. पण ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बिशपने आपल्या इलाख्यात राहावं असा दंडक घालून ठेवला होता, त्यामुळे हे पद जरा अडचणीचं. १६१२मध्ये ते सोडलं. त्याच वर्षी त्याचं उत्पन्न एक लाख चाळीस हजार स्कूदीच्या (हे तिथलं तेव्हाचं नाणं) घरात होतं, म्हणजे बोलोन्यावाचून काही अडलं नाही.

इथे नवशिके एक चूक करतात. पदाचं उत्पन्न आलं की मेजवान्यांत उडवतात. पद तुमच्याबरोबर मरतं, आणि कार्डिनलला जाहीर करण्याजोगा मुलगा नसतो. म्हणून येणाऱ्या रोख पैशाची जमीन करायची. शिपिओनेने १६१४मध्ये कोलोन्ना घराण्याकडून मोंतेफोर्तिनो आणि ओलेवानो ही दोन गावं दोन लाख ऐंशी हजार स्कूदीला उचलली. कोलोन्ना म्हणजे जुनं, मातबर घराणं, पण तंगीत आलेलं. असं घराणं हेरून ठेवावं. जमीन पुढे मामेभावाकडे जाते. तो लग्न करतो, सुल्मोनाचा प्रिन्स होतो, वंश चालवतो. चर्चच्या पैशावर घराणं उभं राहतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं तर हलवाई घरचाच असावा. आणि हो, मृत्युपत्र करण्याची परवानगी मामा शुद्धीत असतानाच लिहून घ्या. नाहीतर धर्मसेवेतून मिळवलेल्या मालमत्तेवर चर्चच हक्क सांगायला उभं राहील, आणि तेव्हा गादीवर दुसऱ्याचा मामा असेल.

चित्रसंग्रह हे खरं कौशल्याचं काम. चित्रं विकत घेणारे पुष्कळ असतात, त्यात काय विशेष? कावालिएरे दार्पिनो नावाचा चित्रकार होता, घरात चित्रांचा मोठा साठा. १६०७मध्ये त्याच्या घरी बेकायदा बंदुका सापडल्या. सुटकेसाठी त्याने शंभराहून अधिक चित्रं पोपच्या खजिन्याकडे सोपवली आणि मामाने ती भाच्याला भेट दिली. त्यातच काराव्हाज्जोची दोन सुरुवातीची चित्रं होती, फळांची टोपली घेतलेला मुलगा आणि तो आजारी बाखुस, म्हणजे मद्याचा देव. दोमेनिकिनोने डायना देवीच्या शिकारीचं चित्र दुसऱ्या एका कार्डिनलसाठी काढलं होतं. शिपिओनेला ते आवडलं. चित्रकार म्हणाला, विकलं गेलंय. काही दिवस तुरुंगात काढल्यावर विकलं गेलं नाही असं त्याच्या लक्षात आलं.

आता पेरुजा. तिथल्या सान फ्रान्चेस्कोच्या देवळात राफाएलने १५०७मध्ये काढलेलं येशूच्या कलेवराचं चित्र होतं. आतालान्ता बाल्योनी या बाईने मारल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी करून घेतलेलं, घराण्याच्या वेदीवर शंभर वर्षं असलेलं. १८-१९ मार्च १६०८च्या रात्री, तिथल्याच साधूंच्या संगनमताने, ते वेदीवरून उतरवून रोमला रवाना झालं. सकाळी गावाने बोंब ठोकली. अशा वेळी परत करू, बघू, समिती नेमू असल्या भानगडीत पडायचं नाही. मामाने स्वतःच्या अधिकारात फर्मान काढलं की चित्र ही कार्डिनलची खासगी मालमत्ता आहे. पेरुजाला नक्कल पाठवली. ज्या गावाने तुम्हाला कायदा शिकवला, त्या गावाला तो वापरून दाखवणं हीच गुरुदक्षिणा.

रोख खरेदीला मनाई नाही, फक्त विकणारा नीट निवडावा. १६०८मध्येच शिपिओनेने कार्डिनल स्फोन्द्रातीकडून एकाहत्तर चित्रं एकगठ्ठा चार हजार स्कूदीला घेतली. तित्सियानोचं ते प्रसिद्ध दोन स्त्रियांचं चित्र त्याच व्यवहारातलं मानतात. हा स्फोन्द्राती कोण? चौदाव्या ग्रेगरी पोपचा पुतण्या. त्याचा काका गादीवर जेमतेम दहा महिने टिकला. जुन्या नेपोतेच्या घरात नव्या नेपोतेने काय भावाने खरेदी करावी, याचा हा दर नोंदवून ठेवा.

चर्चने नाकारलेला माल तर सोडूच नये. काराव्हाज्जोने सेंट पीटरच्या वेदीसाठी काढलेली मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, थोड्याच दिवसांत उतरवली गेली, ती शिपिओनेने शंभर स्कूदीला घेतली. त्याच वर्षी, १६०६मध्ये, काराव्हाज्जोने रोममध्ये एकाचा खून केला आणि पळाला. फरारी चित्रकारासारखा किफायतशीर चित्रकार नाही. माफी मामाच्या हातात, मामापर्यंतचा रस्ता तुमच्या दारातून. १६१०मध्ये तो माफीच्या आशेने रोमकडे निघाला तेव्हा शिपिओनेसाठीची चित्रं नावेत होती. चित्रकार वाटेत मेला, चित्रांमागे माणसं धावली आणि त्यातला संत जॉन आज बोर्गेझे संग्रहातच आहे.

एक शंका रास्त आहे: धर्मगुरूच्या बंगल्यात उघड्यानागड्या ग्रीक देवता शोभतात का? शोभतात, खाली श्लोक असला की. शिल्पकार बेर्निनीने अपोलो आणि त्याच्या हातून निसटता निसटता झाड होणारी डाफ्नी घडवली तेव्हा कार्डिनल माफेओ बार्बेरिनीने दोन ओळी लॅटिनमध्ये रचून दिल्या, आशय असा की क्षणिक सौंदर्यामागे धावणाऱ्याच्या हाती पाला आणि कडू फळं येतात. त्या चौथऱ्यावर कोरल्या. आता पुतळा म्हणजे प्रवचन झालं, हवा तितका वेळ बघा. सान्ता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चजवळ जमिनीखाली निजलेल्या हर्माफ्रोडाइटसचा, म्हणजे देहाने स्त्रीही आणि पुरुषही असलेल्या ग्रीक देवतेचा, प्राचीन पुतळा सापडला. तो शिपिओनेने घेतला, बदल्यात चर्चला नवा दर्शनी भाग बांधून दिला. पुतळा कशावर निजवायचा? बेर्निनीने १६२०मध्ये त्याच्याखाली संगमरवराची गादी केली, टाके घातलेली, फुगीर, बोट लावलं तर खळगा पडेल असं वाटणारी. साठ स्कूदी. म्हणजे काराव्हाज्जोच्या मॅडोनाच्या निम्म्याहून अधिक फक्त गादीला. पण तुमच्या धंद्यात गादीची किंमत तुम्हाला कुणी सांगायला नको.

बागेच्या बाबतीत उदार राहा. बोर्गेझे बागेत पाहुण्यांसाठी लॅटिन पाटी होती: कुणीही असा, इथे कायद्याच्या बेड्यांची भीती नको, हवं तिथे जा, हवं ते तोडा, हवं तेव्हा निघा. मालकाने हा नियम रोमभर आधीच पाळून दाखवला होता. एरवी चिडलेलं गावही अशा पाटीवरून मग "माणूस दिलदार हो" म्हणू लागतं.

मामा कधीतरी मरतोच. २८ जानेवारी १६२१ला मेला. तोवर आपली माणसं भरून ठेवायची असतात. पाचव्या पॉलने सोळा वर्षांत साठ कार्डिनल केले, आणि ज्याने टोपी दिली त्याच्या भाच्याने मतं गोळा करायची ही रीत. शिपिओनेने काम्पोरी नावाचा आपला माणूस पहिल्याच संध्याकाळी जयजयकारात पोप करून टाकायचं ठरवलं होतं. इथे गणित चुकतं ते असं: मतं दोन तृतीयांश लागतात, टोपी मिळाल्यावर माणूस टोपी देणाऱ्याला विसरायला लागतो, आणि ज्यांना तुम्ही इतकी वर्षं ताटकळत ठेवलं ते सगळे त्याच रात्री भेटतात. काम्पोरी पडला. दुसऱ्या दिवशी लुदोव्हिसी निवडून आला, पंधरावा ग्रेगरी. त्याने त्याच वर्षी मतदान लेखी आणि गुप्त करून टाकलं.

या वेळी तोंड पाडून बसू नये. नवा पोप म्हणजे नवा पुतण्या, लुदोव्हिको लुदोव्हिसी. शिपिओनेने बेर्निनीकडून प्रोसेर्पिनाचं अपहरण घडवून घेतलं होतं. तिला पळवणाऱ्या प्लुटोची, पाताळाच्या देवाची, बोटं तिच्या मांडीत रुततात आणि दगड कणकेसारखा दबतो, तो पुतळा. १६२२मध्ये तो लुदोव्हिसीच्या घरी पोचता झाला. कवटाळून धरणाऱ्याचा पुतळा सोडून देता येणं, यालाच राजकारण म्हणतात. हे ज्यांना जमलं नाही त्यांचंही ऐकून ठेवा. चौथ्या पॉलचा पुतण्या कार्लो काराफा, कार्डिनल असूनही, १५६१मध्ये पुढच्या पोपच्या हुकुमाने गळा आवळून मारला गेला. आणि तो लॅटिन श्लोकवाला बार्बेरिनी १६२३मध्ये स्वतः पोप झाला, आठवा अर्बन. तो मेल्यावर हिशेब मागायला सुरुवात झाली तशी त्याचे पुतणे पॅरिसला पळाले. याच अर्बनने १६३०मध्ये कार्डिनलांना 'एमिनेन्स' ही पदवी दिली. शिपिओनेला ती तीनच वर्षं वापरायला मिळाली.

शेवटी अर्धपुतळा करून घ्या, पण शिल्पकाराला घाई करू नका. १६३२मध्ये बेर्निनीने शिपिओनेचा मुखवटा जवळपास पुरा केला आणि कपाळावरून आडवी चीर निघाली. गुपचूप दुसरा दगड आणून त्याने नव्याने पुतळा घडवला, तडकलेला आधी दाखवला, कार्डिनलचा चेहरा पडला, मग झाकलेला नवा उघडला. दोन्ही आज त्याच बंगल्यात आहेत. जवळ जाऊन छातीकडे बघा: गुबगुबीत हनुवटी, काहीतरी सांगता सांगता उघडलेले ओठ, आणि काजात अर्धंच शिरलेलं एक बटण. १६३३मध्ये शिपिओने गेला.

१६९२मध्ये बाराव्या इनोसंटने फर्मान काढलं: पोपने फार तर एका नातलगाला कार्डिनल करावं, उत्पन्न वर्षाला बारा हजार स्कूदीच्या वर नको. एवढ्यात दोन गावं काय, धड गादी होत नाही. आणि बोर्गेझेंच्या संग्रहातले प्राचीन पुतळे १८०७मध्ये नेपोलियनने विकत घेतले. तेव्हाचा प्रिन्स कामिल्लो बोर्गेझे याने नेपोलियनची बहीण केली होती, त्यामुळे मामाच्या जोरावर आलेलं ते मेहुण्याने नेलं. हर्माफ्रोडाइटस आज पॅरिसला लूव्हरमध्ये निजला आहे, गादीसकट.