मोनालिसा कोण, हे शोधू इच्छिणाऱ्या नवोदित संशोधकास

लूव्र संग्रहालयातील ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या पॉप्लरच्या फळीवर मंद हसणारी बाई नेमकी कोण, याचा छडा लावण्याचा संकल्प आपण केला असेल, तर आपले अभिनंदन. आणि सोबत एक कळकळीची सूचना, की उपलब्ध कागदपत्रे चुकूनही वाचू नयेत. १५५० साली चित्रकार लिओनार्दो दा विंचीचा चरित्रकार व्हासारी याने ती इटलीतील फ्लॉरेन्सच्या फ्रान्चेस्को देल जोकोंदो याची पत्नी लिसा असल्याचे लिहून ठेवले आहे. हे गृहस्थ रेशमाचे व्यापारी होते, आणि रेशमाच्या व्यापाऱ्याच्या संसारी बायकोवर माहितीपट निघत नाहीत. तेव्हा व्हासारीने हे चित्र स्वतः पाहिलेच नसावे, असे म्हणून त्याला बाजूला सारावे. (हे म्हणणे बहुधा खरेही आहे, त्यामुळे ते ठासून म्हणता येते.)

उमेदवार निवडताना लग्नाचे स्थळ पाहावे तसे आधी घराणे पाहावे. इटलीतील मांतुआच्या राज्यकर्त्याची पत्नी इझाबेला देस्ते उत्तम. आपले चित्र रंगवून मिळावे म्हणून ती लिओनार्दोला वर्षानुवर्षे पत्रे धाडत राहिली आणि तिच्या हाती रेखाटनापलीकडे काही लागले नाही, तेव्हा आपण निदान मरणोत्तर तरी तिची इच्छा पुरवावी. इटलीतल्याच दुसऱ्या राजघराण्यातली कातेरिना स्फोर्झाही चालेल. प्रेमप्रकरणाची आवड असल्यास एका कार्डिनलचा चिटणीस आंतोनिओ दे बेआतिस याला शरण जावे. १५१७ साली त्याने लिओनार्दोकडे फ्रान्समध्ये एका फ्लॉरेन्सवासी स्त्रीचे चित्र पाहिले आणि ते फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातील दिवंगत जुलियानो दे मेदिचीच्या सांगण्यावरून काढल्याची नोंद केली. या एका वाक्याच्या आधाराने जुलियानोशी नाव जोडल्या गेलेल्या कोणत्याही बाईला चौकटीत बसवता येते.

त्याहून धाडस असेल, तर चित्रातील बाई ही बाईच नाही असे जाहीर करावे. लिओनार्दोचा शिष्य सालाई यासाठी सोयीचा आहे, कारण ‘मोना लिसा’ची रोमन लिपीतील अक्षरे उलटसुलट केली की ‘मोन सालाई’ होते. लिओनार्दोने चित्राला ‘मोना लिसा’ हे नाव कधीच दिले नव्हते, हा आक्षेप क्षुद्र वृत्तीच्या लोकांचा समजावा. किंवा १९८७ साली लिलियन श्वार्ट्झ यांनी केले तसे संगणकावर मोनालिसाचा अर्धा चेहरा तूरिन येथील दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या रेखाटनाला जोडावा आणि लिओनार्दोने स्वतःलाच रंगवले असे म्हणावे. तो म्हातारा तरी लिओनार्दोच का, याबद्दलही जाणकारांत वाद आहे. पण एका अनिश्चित चेहऱ्याने दुसरा निश्चित करण्यात जो आनंद आहे, तो पुराव्यात नाही. सर्वांत सुरक्षित मार्ग मात्र मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१० सालीच दाखवला : हे हास्य लिओनार्दोच्या आईचे. तिचे एकही खात्रीलायक चित्र उरलेले नसल्यामुळे ‘ही तशी दिसत नाही’ असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

शास्त्राचाही आधार घ्यावा. भिंगातून तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत डोकावल्यास जुन्या रंगाच्या भेगांत हवी ती अक्षरे दिसतात. २०१० साली एका इटालियन शोधकर्त्याला उजव्या डोळ्यात लिओनार्दोची आद्याक्षरे दिसलीच. पुढे फ्लॉरेन्सच्या सांत ओर्सोला मठात लिसाची कबर शोधण्यासाठी खोदकामही झाले. तिच्या काळाशी जुळणारे हाडांचे तुकडे मिळाले, कवटी मात्र मिळाली नाही. चेहऱ्याचा प्रश्न चेहरा वगळून सोडवण्याची ही पद्धत आपण आत्मसात करावी.

आता एकच अडथळा उरतो. २००५ साली हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांच्या एका जुन्या छापील प्रतीच्या समासात आगोस्तिनो व्हेस्पुच्ची या फ्लॉरेन्सच्या कारकुनाची नोंद सापडली : ऑक्टोबर १५०३ मध्ये लिओनार्दो लिसा देल जोकोंदोचे चित्र रंगवीत आहे. नोंद समकालीन आहे, तारीखवार आहे, आणि लिहिणाऱ्याला खोटे बोलण्याचे काहीच कारण नव्हते; म्हणजे आपल्या दृष्टीने ती सर्वथा घातक आहे. तरीही घाबरून जाऊ नये. नोंद खरीच आहे असे उदार मनाने मान्य करावे आणि ती लिओनार्दोच्या दुसऱ्याच एका, आता हरवलेल्या चित्राविषयी आहे असे सांगावे. मग ते हरवलेले चित्र कोठे गेले, यावर आपले दुसरे पुस्तक लिहावयास घ्यावे.