प्रेशर आम्हीच बंद केलं होतं

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, हे लपवत नाही. दुसऱ्यांदा तुम्ही सोबत टाकलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला आणि राग उतरला. चूक त्यात स्पष्ट दिसत होती, आणि ती आमची होती.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरला जोडून पेनाने चित्र काढायचा टॅबलेट तुम्ही आमच्याकडून घेतला. खोक्यावर प्रेशरच्या, म्हणजे पेन किती दाबलंय ते ओळखायच्या, 8192 लेव्हल लिहिल्या होत्या, 'मला मात्र एकच मिळाली', असं तुम्ही लिहिलंय. फोटोशॉपमध्ये पेन कसंही दाबा, रेघ सगळीकडे एकाच जाडीची. टॅबलेट दुकानात आणलात तर आम्ही आमच्या कॉम्प्युटरला जोडून क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये झकास चालवून दाखवला आणि 'टॅबलेट ओके आहे, लॅपटॉप फॉरमॅट करा' असं सांगून परत पाठवलं. पीस वापरलेला असावा असा संशयही तुम्ही घेतलाय. या सगळ्यात पुस्तकाच्या चित्रांची तारीख चुकली, ते वेगळंच.

तारीख परत आणता येत नाही, त्याबद्दल माफी मागतो. बाकी काय घडलं ते सांगतो.

टॅबलेट घेतलात त्या दिवशी तुम्ही काउंटरवर एक तक्रार केली होती. पेन टेकवून क्षणभर थांबलं की टोकाभोवती गोल फिरतो आणि राइट क्लिकचा मेनू उघडतो, मग चित्र कसं काढायचं? तक्रार रास्त होती. दुकानातल्या मुलाने तुमच्या लॅपटॉपवर टॅबलेटचा ड्रायव्हर (टॅबलेट आणि विंडोजची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) उघडला, 'विंडोज इंक'समोरची बरोबरची खूण काढली, आणि गोल गायब. तुम्ही खूश, तोही खूश. पण त्या एका खुणेसोबत फोटोशॉपकडे जाणारं प्रेशरही बंद झालं. काल मी विचारलं तेव्हा त्याला ते लगेच आठवलं. आपण उपकार केला असंच बिचाऱ्याला वाटत होतं.

हे असं का होतं ते सांगतो, कारण रोज कोणी ना कोणी 'पेनचं प्रेशर येत नाही' म्हणत येतं आणि बहुतेक वेळा पेन निर्दोष असतं. बिनबॅटरीच्या पेनाच्या आत एक छोटं सर्किट असतं. निब, म्हणजे पेनाचं टोक, दाबली गेली की त्याची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते. टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते, ती हा बदल पकडते आणि ड्रायव्हर त्याचा आकडा करतो. इथपर्यंत तुमचा टॅबलेट चोख काम करत होता. पुढे तो आकडा चित्राच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायला विंडोजमध्ये दोन वाटा आहेत. एक जुनी, विनटॅब, 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. दुसरी मायक्रोसॉफ्टची स्वतःची. तिची मुळं 2002च्या टॅबलेट पीसी एडिशनपर्यंत जातात आणि विंडोज इंक हे नाव विंडोज 10च्या काळात, 2016 साली रूढ झालं. फोटोशॉप 2014च्या आवृत्तीपासून मुळात या दुसऱ्या वाटेवर पेनाची वाट बघतं. आम्ही तीच वाट बंद केली.

मग कर्सर कसा हलत होता? तो हलतोच. पेन कुठे आहे ही माहिती माउससारखी पोचत राहते, फक्त किती दाबलंय ते पोचत नाही. सॉफ्टवेअर समजतं की माउस आहे, आणि माउसला हलकं-जड काही नसतं, म्हणून रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण जाड. माणूस मग पेनाला दोष देतो. तुम्हीही दिलात, त्यात तुमची काही चूक नाही.

आणि क्रितामध्ये चाललं कसं? आमच्या दुकानातल्या क्रितात टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब निवडलेलं आहे. म्हणजे आम्ही आमच्याच कॉम्प्युटरवर, चालू असलेल्या वाटेवरून गाडी नेऊन दाखवली आणि रस्ता मोकळा असल्याचं जाहीर केलं. तुम्ही 'मला फोटोशॉपमध्ये बघायचंय' म्हणालात तेव्हा 'तो सॉफ्टवेअरचा प्रश्न, आमचा नाही' असं उत्तर मिळालं. ही आपल्या धंद्यातली जुनी पळवाट आहे. टॅबलेटवाला सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो, सॉफ्टवेअरवाला ड्रायव्हरकडे, आणि गिऱ्हाईक मधल्या मधे. ही पळवाट मीही वापरलेली आहे, त्यामुळे मुलावर ओरडायला तोंड नव्हतं.

आता त्या स्क्रीनशॉटबद्दल. ब्रशच्या सेटिंगमध्ये 'पेन प्रेशर' निवडलेलं आहे आणि त्याच्या बाजूला उद्गारचिन्ह असलेला छोटा त्रिकोण आहे. त्याचा अर्थ फोटोशॉप सांगतंय, माझ्यापर्यंत प्रेशर देणारं कुठलंही पेन पोचत नाही. म्हणजे ब्रशची सेटिंग तुम्ही बरोबर केली होती. हाच फोटो तुम्ही आम्हाला मेसेजवरही पाठवला होता, आणि आम्ही उत्तर दिलं, 'ब्रशची सेटिंग तपासा.' त्रिकोण कोणी बघितलाच नाही. फॉरमॅटचा सल्लाही चूकच होता. तो तुम्ही पाळला नाहीत ते बरं झालं.

घरीच करून बघायचं असेल तर टॅबलेटचा ड्रायव्हर उघडा, विंडोज इंकची खूण परत लावा, फोटोशॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. त्रिकोण गेला की प्रेशर आलं. तो त्रासदायक गोल घालवायला इंक बंद करावं लागत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पेन अँड टच' आहे, तिथे दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय बंद करायची. त्या दिवशी आम्ही एवढंच करायला हवं होतं. काही जण उलट करतात, इंक बंदच ठेवतात आणि फोटोशॉपच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवून त्याला विनटॅबच्या वाटेवर आणतात. तेही चालतं, पण तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. क्लिप स्टुडिओ पेंट आणि क्रितामध्ये कोणती वाट धरायची ते थेट निवडता येतं. आणखी एक, आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा जुना ड्रायव्हर काढून टाका. दोन ड्रायव्हर विनटॅबच्या एकाच फाइलवर हक्क सांगत बसले की काय होईल ते सांगता येत नाही.

मैत्रिणीच्या टॅबलेट कॉम्प्युटरवर 'काही न करता' प्रेशर येतं, असंही तुम्ही लिहिलंय. येतं, कारण तिथे स्क्रीन, पेन आणि विंडोज एकत्रच घडवलेले असतात आणि पेन थेट इंकच्या वाटेने जातं. पण तिथेही सगळं कायम सुरळीत होतं असं नाही. 2014 साली मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस प्रो 3 या टॅबलेट कॉम्प्युटरमध्ये पेनाचं तंत्रज्ञान वॅकॉम कंपनीऐवजी एन-ट्रिग कंपनीचं आलं, आणि फक्त विनटॅब समजणाऱ्या सॉफ्टवेअरना वेगळा ड्रायव्हर टाकेपर्यंत प्रेशर मिळत नव्हतं. लेव्हलही 1024 वरून 256 वर आल्या होत्या. तरी लोकांनी त्यावर चित्रं काढली.

त्यावरून त्या 8192 बद्दल. खोक्यावरचा हा आकडा दाखवून आम्हीही विकतो, कबूल. पण 40 पिक्सेलच्या ब्रशने रेघ ओढली तर जाडीतले किती टप्पे डोळ्याला दिसणार? मोजकेच. हाताला खरा फरक पडतो तो पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं आणि प्रेशरचा कर्व्ह (किती दाबल्यावर रेघ किती जाड व्हावी ते ठरवणारी सेटिंग) कसा आहे याने. तुमचा हात हलका आहे, काउंटरवर सही करताना पाहिलंय. इंक सुरू केल्यावर सुरुवातीची बारीक रेघ तुटतेय असं वाटलं तर ड्रायव्हरमधला कर्व्ह थोडा मऊ करा, पण मग सॉफ्टवेअरमधला सरळ ठेवा. दोन्हीकडे वाकवलात तर कशामुळे काय होतंय ते कळेनासं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी सहमत नाही. पीस वापरलेला नव्हता. प्रत्येक खोकं विकण्याआधी आम्ही उघडतो आणि पेन दहा-बारा रेघा मारून तपासतो. तुम्हाला दिसलेला निबवरचा ओरखडा त्याचाच. पण हे आम्ही विकताना सांगत नाही, आणि फुटलेलं सील बघून कोणालाही शंका येईल. यापुढे तपासणीची निब वेगळी असेल आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असेल.

रिव्ह्यू काढा किंवा तारे वाढवा, असं मी म्हणणार नाही. खूण लावूनही प्रेशर आलं नाही तर टॅबलेट परत घेऊन पूर्ण पैसे देईन, मुदत उलटली असली तरी. दुकानात यायचं ठरवलंत तर माझ्याकडेच या, मी स्वतः तुमच्या फोटोशॉपमध्ये, तुमच्याच ब्रशने तपासेन. फक्त येताना लॅपटॉप सोबत आणा. मागच्या वेळी 'नुसता टॅबलेट आणला तरी चालेल' असं आम्हीच सांगितलं होतं.