‘दुसरा नेमसर्व्हर ८.८.८.८’ या सल्ल्याचा प्रतिवाद

‘सर्व्हरना एकमेकांची नावे सापडत नसतील तर प्रत्येकावर दुसरा नेमसर्व्हर म्हणून ८.८.८.८ टाका, फायरवॉलमध्ये ५३ क्रमांकाचा पोर्ट फक्त यूडीपीसाठी उघडा आणि तरीही अडले तर प्रोपगेशनसाठी ४८ तास थांबा’, असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. नेमसर्व्हर म्हणजे नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर; ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक नेमसर्व्हर. ५३ हा या प्रश्नोत्तरांचा पोर्ट, यूडीपी ही ती वाहून नेण्याची साधी पद्धत आणि प्रोपगेशन म्हणजे बदललेली नोंद सगळीकडे पोहोचणे. चार सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याने तो तंतोतंत अमलात आणला. त्याचे बिलिंग आधी फक्त रात्रीच्या बॅकअपच्या वेळी अडखळत असे. आता सकाळी कार्यालय उघडल्यावरही डेटाबेसचे नाव सापडेनासे झाले.

पहिल्या नेमसर्व्हरला नाव ठाऊक नसेल तर यंत्र दुसऱ्याला विचारते, ही समजूतच या घोळाच्या मुळाशी आहे. लिनक्समध्ये नेमसर्व्हरांची यादी जिथे असते त्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलचे मॅन्युअल पान उघडले असते तरी कळले असते की पहिल्याकडून ठरलेल्या वेळेत, म्हणजे एरवी ५ सेकंदांत, उत्तरच आले नाही तरच पाळी पुढच्यावर जाते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेही पूर्ण उत्तरच असते. पहिला, म्हणजे कार्यालयातला अंतर्गत नेमसर्व्हर क्षणभर गप्प बसला की प्रश्न गूगलकडे जातो आणि कार्यालयातील खासगी नाव गूगलला ठाऊक असण्याचे काहीच कारण नसल्यामुळे तो ठाम नकार देतो. अनेक लिनक्स यंत्रांवर नावे शोधून देणारा सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा प्रोग्राम तर एकदा दुसऱ्याकडे वळला की तो नीट उत्तरे देत आहे तोवर परतत नाही. भाच्याकडे नेमके हेच झाले. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर चालणाऱ्या कंटेनरांत (अ‍ॅप चालवण्याच्या बंदिस्त कप्प्यांत) नावे शोधणारी मसल लायब्ररी सर्व नेमसर्व्हरांना एकाच वेळी विचारते आणि आधी बोलेल त्याचे ऐकते, म्हणजे तिथे ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ हा भेदच उरत नाही.

फक्त यूडीपी उघडून टीसीपी, म्हणजे आधी जोडणी करून माहिती नेणारी दुसरी पद्धत, बंद ठेवण्याबद्दल फार लिहावे असे नाही. मोठे उत्तर यूडीपीत मावले नाही की तोच प्रश्न टीसीपीवरून पुन्हा विचारला जातो, आणि २०१६ च्या आरएफसी ७७६६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने टीसीपी अनिवार्य ठरवलेले आहे.

४८ तासांत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: .कॉम झोनमधील (.कॉम नावांच्या नोंदवहीतील) नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, १,७२,८०० सेकंद, म्हणजेच ४८ तास असतो. पण आपल्याच झोनमधील नोंद बदलल्यावर थांबायचे ते त्या नोंदीच्या टीटीएलएवढेच. तो ३०० असेल तर ५ मिनिटे.

८.८.८.८ ला डिग या नेमसर्व्हरला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने थेट विचारून बाहेरची वाट सुरू आहे का, हे अवश्य तपासावे. अंतर्गत नेमसर्व्हरचा फॉरवर्डर, म्हणजे बाहेरच्या नावांचे प्रश्न ज्याच्याकडे पुढे पाठवायचे तो, म्हणूनही ८.८.८.८ चालेल. भाच्याला मात्र तोच अंतर्गत झोन ठेवणारा दुसरा नेमसर्व्हर वेगळ्या यंत्रावर हवा होता. तो काल उभा केला आणि ८.८.८.८ ची ओळ चारही सर्व्हरांवरून काढली.