मॅन्युअल गाडीत रिमोट स्टार्टर: "क्लचची वायर जोडली की झालं" हे अर्धवट आहे

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की कुठल्याही मॅन्युअल गाडीत रिमोट स्टार्टर (लांबून बटण दाबून इंजिन चालू करायची सोय) बसतो, फक्त क्लच स्विचच्या (क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच) वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. बसतो हे खरं, पण पुढचं वाचून मेकॅनिककडे पळू नका. क्लच स्विच बायपास केला की गाडी गिअरमध्ये असली तरी स्टार्टर फिरणार, आणि गाडी सरळ पुढे उडी मारणार, आत कोणी नसताना! आपल्याकडे तर घाटात, उतारावर पहिल्या गिअरमध्ये टाकून पार्क करायची सवयच असते (आणि ती चांगलीच आहे).

म्हणून मॅन्युअलसाठीच्या नीट किटमध्ये वेगळी पद्धत असते. न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवूनच चावी काढायची (किट ते चालू ठेवतं), बाहेर येऊन दारं लॉक केली की मग इंजिन बंद होतं. म्हणजे शेवटचा माणूस उतरला तेव्हा गाडी न्यूट्रलमध्येच होती हे सिस्टिमला कळतं. नंतर दार उघडलं की ते सगळं कॅन्सल, रिमोटने स्टार्ट होत नाही. त्यासाठी दाराचे आणि हँडब्रेकचे स्विच धड हवेत, नाहीतर सगळं फुकट.

इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) चुकवायला काहीजण दुसऱ्या चावीची चिप डॅशबोर्डमागे चिकटवून ठेवतात, ते तर चोराला आमंत्रणच. आणि बंद गॅरेजमध्ये रिमोटने इंजिन चालू करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.